बेअरिंग हाउसिंगच्या ड्रॉइंगवर जीडी अँड टी: डेटम कुठे, आकडा किती, मोजायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये पंपाचं बेअरिंग हाउसिंग बनतं. एफजी २६० ओतीव लोखंड, फ्लँज Ø१६५, जाडी १२ मिमी, स्पिगॉट (बॉडीत शिरून हाउसिंग मध्यावर आणणारा गोल उंचवटा) Ø१२० एच७ (छोटा एच, म्हणजे ० / −०.०३५) आणि त्याची उंची फक्त ५ मिमी. ६२०६ बेअरिंगसाठी बोअर Ø६२ एच७ (मोठा एच, +०.०३० / ०), लांबी १६ मिमी. बोअरचा मध्य फ्लँजच्या फेसपासून ४० मिमी मागे. फ्लँजवर Ø९ ची चार भोकं, पीसीडी (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) १४५, समोरच्या बॉडीत एम८ च्या आट्या. ड्रॉइंगवर पीसीडी १४५ ±०.१ आणि भोकांमधला कोन ९०° ±०.५° दिला आहे, बाकी सगळं आयएसओ २७६८ एमके (सर्वसाधारण टॉलरन्सचं, म्हणजे चालणाऱ्या तफावतीचं, मानक). तक्रार अशी की पीसीडीत नापास झालेले नग बॉडीवर बिनबोभाट बसतात आणि पास झालेल्यांपैकी काही बसत नाहीत. आता ग्राहकाने जीडी अँड टी (आकार, दिशा आणि जागा यांच्या हद्दी चिन्हांनी लिहायची पद्धत) लावलेलं ड्रॉइंग मागितलं आहे. शॉपमध्ये सीएमएम (बिंदू टिपून मोजणारं संगणकी यंत्र) नाही.

भोकांपासूनच सुरू करू, कारण तक्रारीचं उत्तर त्या दोन मापांतच आहे.

पीसीडी १४५ ±०.१ हा व्यासावरचा टॉलरन्स आहे. म्हणजे भोकाचा मध्य त्रिज्येच्या दिशेने ±०.०५ एवढाच हलू शकतो. कोनाचा ±०.५° मात्र ७२.५ च्या त्रिज्येवर ±०.६३ मिमी होतो. थोडक्यात, भोकाच्या मध्याला वावरायला ०.१ रुंद आणि जवळपास १.२७ लांब अशी अरुंद पट्टी दिलेली आहे. एका दिशेने गळा आवळलेला, दुसऱ्या दिशेने रान मोकळं. शिवाय कोन एका भोकापासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून तिसऱ्या असे साखळीने दिले असतील, तर चौथं भोक पहिल्याच्या तुलनेत १.५° पर्यंत सरकलं तरी ड्रॉइंगप्रमाणे ते बरोबरच. बोल्टला यातलं काहीच कळत नाही. त्याला त्याच्या मध्याभोवती सगळीकडे सारखी जागा लागते.

ती जागा किती, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. एम८ चा बोल्ट, भोक कमीत कमी Ø९.०, म्हणजे एकूण मोकळीक १.० मिमी. बॉडीत आट्या असल्यामुळे बोल्ट तिथे पक्का उभा राहतो, हलत नाही. म्हणून ही १.० मिमी दोन भागांत वाटायची: हाउसिंगच्या भोकाला Ø०.५, बॉडीच्या आट्यांना Ø०.५. वाटणी सारखीच हवी असं नाही. एकाला ०.७, दुसऱ्याला ०.३ चालेल, बेरीज १.० च्या वर गेली नाही म्हणजे झालं. दोन्हीकडे आरपार भोकं आणि मागे नट असता, तर दोन्ही भागांना पूर्ण १.० मिळाला असता. हाच फरक विसरून आट्यांच्या जोडणीला दोन्हीकडे १.० देणारी ड्रॉइंगं पुष्कळ दिसतात, आणि असेंब्लीवाला मग गोल कानस घेऊन बसतो.

तर ड्रॉइंगवर: १४५ आणि ९०° ही मापं चौकटीत, त्यांना कसलाही ± नाही. भोकाचं माप ४ × Ø९ +०.२ / ०. त्याखाली फ्रेम (चिन्ह, आकडा आणि डेटम लिहायची पट्टी; डेटम म्हणजे मोजणीचा आधार): पोझिशन, Ø०.५, गोलातला एम (माप सैल झालं की तेवढी सूट), डेटम ए (फ्लँजचा फेस), डेटम बी (स्पिगॉट) आणि बीलाही गोलातला एम. चौकट राहून गेली तर त्या मापाला टायटल ब्लॉकमधला सर्वसाधारण टॉलरन्स लागू होतो आणि एकाच भोकाला दोन कायदे होतात. पोझिशन लावायला घेतलेल्या नवख्या ड्रॉइंगांत सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच.

±०.१ च्या चौकोनी क्षेत्राच्या कोपऱ्यात बसलेलं भोक चालतं, तर तेवढ्याच अंतरावर पण सरळ एका बाजूला सरकलेलं भोकही चालायला हवं, हा पोझिशनच्या गोल क्षेत्रामागचा विचार. चौकोनाचा कर्ण ०.२८३, त्या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौकोनापेक्षा सुमारे ५७ टक्के जास्त. या कल्पनेचं श्रेय स्कॉटलंडच्या टॉर्पिडो कारखान्यातल्या स्टॅनली पार्कर यांना देतात. तुमच्यासारखीच, नापास नग नीट बसण्याची भानगड त्यामागे होती असं सांगतात.

मोजलेल्या आकड्यावरून निकाल काढणं सोपं आहे. एक्समध्ये ०.२४ आणि वायमध्ये ०.१८ सरकलेलं भोक घ्या. वर्गांची बेरीज ०.०९, वर्गमूळ ०.३०, दुप्पट ०.६०. फ्रेममधला आकडा ०.५, म्हणजे नापास? भोकाचं माप बघितल्याशिवाय सांगता येत नाही. भोक ९.१२ असेल, तर गोलातल्या एममुळे ०.१२ ची सूट मिळते, हद्द ०.६२ होते, नग पास. भोक नेमकं ९.०० असेल तर नापास. यात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही: भोक मोठं झालं की बोल्टला तेवढी जागा खरोखरच वाढते. दुप्पट करायचं विसरून ०.३० हाच आकडा रिपोर्टमध्ये लिहिणारे तपासनीस आहेत. त्यांच्या हातून एक नग निसटत नाही, अख्खा लॉट निसटतो.

बॉडीचं ड्रॉइंगही तुमच्याकडे असेल, तर तिथल्या आट्यांच्या पोझिशनला गोलातला पी लावा आणि पुढे १२ लिहा, कारण हाउसिंगचा फ्लँज १२ मिमी जाड आहे. हा पी नसेल तर काय होतं ते बघा. आट्या १६ मिमी खोल, पोझिशन Ø०.५. अक्ष तळाशी एका कडेला आणि वर दुसऱ्या कडेला असा तिरका असला तरी तो क्षेत्राच्या आतच आहे, म्हणून पास. पण १६ मिमीत ०.५ चा कल म्हणजे बॉडीबाहेर आणखी १२ मिमी वर गेल्यावर बोल्ट आधीच्या ०.२५ वर आणखी ०.३७५ सरकतो. मध्यापासून ०.६२५. तुम्ही हिशेब ०.२५ चा धरला होता. फ्लँज खाली बसत नाही, बोल्ट आवळताना वाकतो आणि दोष हाउसिंगच्या भोकांवर येतो. पी लावला की क्षेत्र आट्यांच्या आत न धरता वरच्या १२ मिमीत, जिथे बोल्ट फ्लँजमधून जातो तिथे, धरलं जातं.

आता डेटम. हाउसिंग बॉडीवर कसं बसतं तेवढंच इथे विचारायचं. फेस बॉडीच्या फेसला टेकतो, बोल्ट त्याला दाबून धरतात, स्पिगॉट मध्यावर आणतो. म्हणून फेस डेटम ए, स्पिगॉट डेटम बी. व्यास मोठा आणि मापही घट्ट, म्हणून बऱ्याच जणांना स्पिगॉटला ए करायचा मोह होतो. करू नका. स्पिगॉट ५ मिमी उंच. चॅम्फर आणि कोपऱ्यातली रिलीफ सोडली तर मोजायला जेमतेम ४ मिमी उरतात. त्या ४ मिमीत अक्ष ०.०१ ने तिरका सापडला, तर ४० मिमी मागच्या बोअरपाशी तोच तिरकेपणा ०.१ दाखवतो. बोअर चांगलं असतं, नापास मात्र तेच होतं, आणि दर वेळी मोजलं की वेगळा आकडा येतो. आखूड आणि रुंद गोलाकार भाग कधीच पहिला डेटम नसतो. लांबी व्यासाहून जास्त असली तरच त्याला ए करण्याचा विचार करावा.

डेटमचा त्रिकोण कुठे चिकटवता यालाही अर्थ आहे. Ø१२० च्या मापाच्या बाणाशी सरळ रेषेत लावला तर डेटम म्हणजे स्पिगॉटचा अक्ष. बाणापासून बाजूला, नुसत्या कडेवर लावला तर पृष्ठभाग. मधल्या सेंटरलाइनवर त्रिकोण ठेवू नका, एका सेंटरलाइनवर चार व्यास असतात आणि नेमका कोणता ते वाचणाऱ्याला कळत नाही.

फेस एला फ्लॅटनेस (सपाटपणा) ०.०३. फ्लॅटनेसला डेटम नसतो, फ्रेममध्ये अक्षर दिसलं तर ती चूक.

स्पिगॉटला एच्या तुलनेत काटकोनाचा टॉलरन्स द्यायचा, आणि आकडा आहे Ø० गोलातल्या एमसह. शून्य बघून मशीनवाला दचकतो, पण हिशेब सरळ आहे. बॉडीचं बोअर Ø१२० मोठा एच७, म्हणजे कमीत कमी १२०.०००. स्पिगॉट जास्तीत जास्त १२०.०००. इथे Ø०.०२ दिलात, तर १२०.००० चा तिरका स्पिगॉट १२०.०२ ची जागा मागतो आणि बॉडीत अडकतो, तरी ड्रॉइंगप्रमाणे पास. शून्य आणि एम म्हणजे: पूर्ण माप असेल तर तिरकेपणा नाही, स्पिगॉट ११९.९८ असेल तर ०.०२ तिरका चालेल, ११९.९६५ असेल तर ०.०३५. मशीनवाला व्यास थोडा खाली ठेवून हवी तेवढी सूट स्वतःच काढून घेतो. तपासायला नेमकं Ø१२०.००० चं रिंग गेज, फेस टेकेपर्यंत आत गेलं की झालं.

बोअरकडे या. इथे एम लावायचा नाही. बेअरिंग बोअरमध्ये मोकळं नाचत नाही, त्यामुळे बोअर मोठं झालं म्हणून अक्ष सरकायची परवानगी देण्यात अर्थ नाही. बीवरही एम नको. फ्रेम: पोझिशन Ø०.०४, ए, बी.

०.०४ का? ग्राहकाच्या जुन्या ड्रॉइंगवर ०.०१ असतो आणि लोक तो तसाच उतरवतात. आधी स्पिगॉटची मोकळीक बघा: सर्वांत सैल जोडीत ०.०३५ + ०.०३५ = ०.०७, म्हणजे अख्खं हाउसिंगच ०.०३५ बाजूला बसू शकतं. त्यात बोअरचे ०.०२ (०.०४ चा निम्मा) मिळवले की ०.०५५. दुसरं बेअरिंग बॉडीत १५० मिमीवर असेल तर शाफ्टचा कल ०.०५५ भागिले १५०, म्हणजे सुमारे १.३ मिनिटं (कोनाची, ६० मिनिटं म्हणजे १°). एकेरी ओळीच्या डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंगला, आतली मोकळीक आणि भार बघून, साधारण २ ते १० मिनिटं चालतात. पोझिशन ०.०४ वरून ०.०१ वर आणलात तर ०.०५५ चे ०.०४० होतात, कल १.३ वरून ०.९ मिनिट. त्या ०.४ मिनिटासाठी तुम्ही दोन सेटअपच्या लेथकामावरून ग्राइंडिंगवर जाता. फिट तशीच सैल ठेवून पोझिशन आवळणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण याच फ्रेममध्ये एक फट आहे, आणि ती फारशी कुणी बंद करत नाही. Ø०.०४ च्या क्षेत्रात अक्ष सरळच असला पाहिजे अशी सक्ती नाही. १६ मिमी लांबीत तो एका कडेहून दुसऱ्या कडेला जाऊ शकतो: ०.०४ भागिले १६, सुमारे ८.६ मिनिटं. शाफ्ट बाजूला सरकण्याने जे बिघडत नव्हतं ते बोअरच्या तिरकेपणाने बिघडतं. म्हणून पोझिशनच्या खाली दुसरी फ्रेम हवी: काटकोन Ø०.०१, फक्त ए. आता तिरकेपणा सुमारे २.१ मिनिटांत अडकला. फेसचा फ्लॅटनेस ०.०३, १६५ वर आणखी ०.६ मिनिट. तिन्ही मिळून चार मिनिटांच्या आसपास, तेही तिन्ही चुका एकाच दिशेला जमल्या तर. बेअरिंगची मोकळीक कमीची असेल तर हा आकडा बेअरिंगवाल्याच्या कॅटलॉगशी ताडून घ्यावा. बेअरिंग ज्या खांद्याला टेकतं त्याला एशी समांतर ०.०१५ द्या. ते सरफेस प्लेटवर दोन मिनिटांत मोजून होतं.

बोअरच्या आकाराला सिलिंड्रिसिटी (गोल आणि सरळ नळीसारखं असणं) ०.०१. एच७ च्या ३० मायक्रॉनमध्ये आकार आपोआप सांभाळला जाईल असं वाटतं, पण तीन जॉच्या चकमध्ये पातळ भिंत दाबली की बोअर दाबलेल्या अवस्थेत गोल कापलं जातं आणि चक सोडला की तीन पाकळ्यांचं होतं. दोन टोकांच्या बोअर गेजने कुठेही मोजा, ६२.०१५ च दाखवेल. तीन पाकळ्यांचा आकार दोन बिंदूंच्या मापाला दिसतच नाही. तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लावला की खोटं उघडं पडतं. यावर उपाय ड्रॉइंगवर नाही, चकवर आहे: सॉफ्ट जॉ (हव्या मापाला कापता येणारे मऊ जबडे) Ø१२० ला नीट घेरतील असे बोअर करा, फिनिश पासआधी पकड सैल करून परत हलकी आवळा. डिझाइन तुमच्या हातात असेल तर बेअरिंग स्पिगॉटच्या बाजूनेच घालता येईल का ते बघा. मग फेस, स्पिगॉट आणि बोअर एकाच पकडीत निघतात आणि ०.०४ चा प्रश्नच उरत नाही.

आयएसओ २७६८ वर सोडून दिलं असतं तर? के वर्गात रनआउट (नग फिरवताना डायलवर दिसणारी हालचाल) ०.२ आणि १०० ते ३०० मिमी लांबीच्या फेसला फ्लॅटनेस ०.४. हाउसिंग ड्रॉइंगप्रमाणे पास आणि बेअरिंग आठवड्याभरात ओरडायला लागलेलं. शिवाय त्या मानकाचा आकारविषयक दुसरा भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला आणि त्या जागी आयएसओ २२०८१ आलं. नव्या ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये जुना एमके नुसता उतरवू नका.

टायटल ब्लॉकमध्ये कोणतं मानक लिहिलंय हे पहिल्यांदा वाचायची सवय लावा, कारण निर्यातीच्या कामात अमेरिकन आणि युरोपीय दोन्ही ड्रॉइंगं एकाच टेबलावर येतात. एएसएमई वाय१४.५ मध्ये मापाच्या टॉलरन्समध्ये आकारही बांधलेला असतो: Ø२० ० / −०.०२१ ची पिन पूर्ण २०.००० असेल तर ती सरळच हवी. आयएसओ ८०१५ प्रमाणे माप वेगळं, आकार वेगळा. प्रत्येक ठिकाणी व्यास बरोबर असलेली वाकडी पिनही पास, जोवर मापापुढे गोलातला ई नाही. म्हणून आयएसओ ड्रॉइंगवर बोअर आणि स्पिगॉट दोन्हींच्या मापांपुढे ई लावून टाका. एएसएमईच्या २०१८ च्या आवृत्तीतून कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री काढून टाकल्या आहेत. त्यांच्या जागी पोझिशन किंवा रनआउट वापरतात. आयएसओमध्ये त्या अजून आहेत. आणि प्रोजेक्शनचं (दृश्यं कोणत्या बाजूला मांडली आहेत त्याचं) चिन्ह: फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून फर्स्ट अँगल शिकून आलेल्या पोराने अमेरिकन थर्ड अँगल ड्रॉइंग वाचलं की ग्रीस निपल उलट्या बाजूला जातो. त्याला कुठलाही टॉलरन्स वाचवत नाही.

ग्रीस निपलवरून आठवलं: डेटम सी लागतो का? चार सारख्या भोकांसाठी नाही. त्यांचं एकमेकांशी नातं त्यांच्याच फ्रेमने बांधलेलं आहे, आणि अख्खा पॅटर्न बीभोवती फिरवला तरी बॉडीवर बसतो. पण निपलचं एम६ भोक दोन भोकांच्या बरोबर मध्ये वर यायचं असेल, तर त्या पॅटर्नला सी करा आणि फक्त निपलच्या फ्रेममध्ये ए, बी, सी लिहा. आकडा सढळ द्या, Ø१ पुरे. उगीच सगळ्या फ्रेममध्ये सी घुसवला तर सीएमएमवाला प्रत्येक वेळी अशी दिशा पकडतो जिचा कामाशी संबंध नाही.

मोजणी. चार भोकांसाठी सीएमएम नकोच, गेज बनवा. एक कडक केलेली प्लेट, मध्ये Ø१२०.००० ची खोलगट जागा (बीवर एम आहे आणि त्याचा काटकोन शून्य आहे, म्हणून नेमका हा आकडा), भोवती १४५ च्या पीसीडीवर ९०° वर Ø८.५ च्या चार पिना, उंची १५ मिमी. ८.५ म्हणजे सर्वांत लहान भोक ९.० वजा पोझिशनचे ०.५. पिनांची स्वतःची जागा ०.०२ ते ०.०३ च्या आत ठेवा. हाउसिंग घातलं, फेस प्लेटला टेकला, ०.०३ चा फिलर (पातळ पट्टी) कुठे शिरला नाही, तर पोझिशन पास. सूट, सरक, सगळा हिशेब गेजने आपणच केलेला असतो. मात्र हे गेज भोकाचं माप तपासत नाही. ९.०० जाणारं आणि ९.२० न जाणारं प्लग गेज वेगळं लावायचंच. भोक ९.४ झालं तर हे पिनांचं गेज अगदी आनंदाने पास करेल.

बोअरची पोझिशन रोटरी टेबलवर काढता येते. फेस ए खाली, पण स्पिगॉट ५ मिमी बाहेर आलेला आहे, म्हणून फ्लँजखाली २० मिमीचे तीन सारखे स्लिप गेज (अचूक उंचीचे ठोकळे) साधारण १२० अंशांवर ठेवा. त्यांच्या मधल्या फटींतून लिव्हर डायलचं टोक स्पिगॉटला लावता येतं. पूर्ण फिरवता येणार नाही, गेज आड येतात. म्हणून ०, ९०, १८०, २७० वर थांबून, प्रत्येक वेळी टोक मागे घेऊन वाचन घ्या, आणि समोरासमोरच्या वाचनांतला फरक ०.००३ च्या आत येईपर्यंत नग सरकवा. मग डायल वर आणून बोअरमध्ये पूर्ण फेरी. काट्याची एकूण हालचाल ०.०४ पर्यंत असेल तर पोझिशन पास, कारण अक्ष जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट डायल दाखवतो आणि फ्रेममधला आकडाही व्यासच आहे. बोअरचा आकार वाकडा असेल तर हालचालीत तोही मिसळतो, तेव्हा खरी पोझिशन आकड्यापेक्षा बरी असते. वरच्या तोंडाशी आणि खांद्याजवळ अशा दोन पातळ्यांवर फेरी घ्या. दोन्हीकडच्या मध्यांत किती फरक आहे त्यावरून तिरकेपणा निघतो. लिव्हर डायलचं टोक पृष्ठभागाशी शक्यतो समांतर ठेवा. ३० अंशांवर उभं केलं तर ०.०४ दिसतो तेव्हा खरी हालचाल ०.०३५ असते, आणि चांगला नग फुकट बाहेर जातो.

पहिल्या नगाचा रिपोर्ट बाहेरच्या सीएमएमवर करायचा असेल तर ऑपरेटरला लेखी सांगा: एच्या प्लेनला फ्लँजवर पसरलेले निदान ८ बिंदू, बीला सिलिंडर नव्हे तर एका पातळीवरचं वर्तुळ, किमान १२ बिंदू, एवर काटकोनात धरलेलं. न सांगितलं तर तो सवयीने सिलिंडर घेतो आणि वर सांगितलेला ४ मिमीचा घोळ परत सुरू.

राहता राहिलं तापमान, आणि गोव्यात ते सोडून चालत नाही. सगळी मापं आयएसओ १ प्रमाणे २० अंशांची. मे महिन्यात वेर्णा काय, कुंडई काय, पत्र्याच्या शेडमध्ये ३४ अंश सहज असतात. ओतीव लोखंड आणि पोलादी मायक्रोमीटर जवळपास सारखेच फुगतात, म्हणून दोघं एकाच तापमानाला असतील तर चिंता नाही. फक्त नग मशीनवरून काढल्या काढल्या मोजू नका: नग मायक्रोमीटरपेक्षा १० अंश गरम असला तर Ø१२० वर ०.०१३ जास्त दिसतं. सरफेस प्लेटवर मायक्रोमीटरच्या शेजारी थंड होऊ द्या. पुढे कधी हेच हाउसिंग ॲल्युमिनियममध्ये आलं तर मात्र गणित बदलतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १४ अंशांच्या फरकाला Ø१२० वर, मायक्रोमीटरचं फुगणं वजा करूनही, सुमारे ०.०१९ जास्त वाचतं. शेडमध्ये ११९.९८० मोजून पाठवलेला स्पिगॉट ग्राहकाच्या एसी खोलीत ११९.९६१ भरतो, आणि खालची हद्द ११९.९६५ आहे. अशा वेळी शेडमधलं लक्ष्य ११९.९९० च्या वर ठेवा आणि रिपोर्टवर मोजतानाचं तापमान लिहा.

पावसाळ्यात ताजा कापलेला लोखंडी फेस सकाळपर्यंत तांबूस होतो. गंजाचा बारीक फोड एखाद्या स्लिप गेजखाली आला की ए तिथेच ०.०१ उचलला जातो आणि काटकोनाच्या मापात नसलेला कल मिसळतो. मोजण्याआधी सपाट ऑइलस्टोन एकदा हलक्या हाताने फिरवा, पुसा, मगच नग ठेवा. मोजून झाला की फेस, स्पिगॉट आणि बोअरला गंजरोधक तेल लावून पिशवीत.